पाहणे म्हणजे काय? : हर्मन हेल्महोल्ट्झ यांची ओळख



डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो की डॉक्टर डोळ्यांत थेंब घालतात, खोलीतला दिवा मंद करतात आणि एक लहानसे उपकरण डोळ्याजवळ धरून आत पाहतात. आपल्याला फक्त प्रखर उजेड दिसतो. डॉक्टरांना मात्र डोळ्याचा मागचा पडदा आणि त्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात. मधुमेहाने डोळ्याला किती इजा केली आहे, काचबिंदूची सुरुवात झाली आहे का, हे त्यांना तिथे कळते. १८५० सालापर्यंत रोजच्या कामात वापरता येईल असे हे साधन कोणत्याही डॉक्टरकडे नव्हते. रुग्ण दिसत नाही म्हणून यायचा, डोळा बाहेरून निरोगी असायचा, आणि आत काय बिघडले आहे हे जाणण्याचा मार्गच नसायचा.

हे साधन ज्यांनी जगाला दिले त्या हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांचे जीवन आज आपण समजून घेऊ या. डोळ्यात डोकावण्याची सोय त्यांनी केलीच, पण त्याहून मोठा एक प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. माणूस पाहतो, ऐकतो, तेव्हा तो नेमके काय करत असतो?

लाकडी ठोकळ्यांची शाळा

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी जर्मनीतील बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम गावी झाला. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. भाषा आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय. हर्मन लहानपणी सतत आजारी असे. पहिली सात वर्षे त्याची बरीचशी घरात आणि अंथरुणात गेली. सोबतीला लाकडी ठोकळे होते. ते जुळवता जुळवता कोन, बाजू, आकार त्याच्या हातात मुरले. पुढे शाळेत भूमिती आली तेव्हा तिचे नियम या मुलाला आधीच ठाऊक आहेत हे पाहून शिक्षक चकित झाले. सुटेसुटे शब्द आणि नियम पाठ करणे मात्र त्याला जमत नसे. डावे कोणते नि उजवे कोणते यातही त्याचा गोंधळ होई. वर्गात लॅटिन ग्रंथांचे वाचन चाले, तेव्हा हा विद्यार्थी बाकाखाली दुर्बिणीतून प्रकाशाचे किरण कसे जातील याची आकडेमोड करत बसे.

त्या वयातील एक आठवण त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. आईबरोबर जाताना लष्करी चर्चच्या मनोऱ्यावर त्यांना काही माणसे दिसली. छोट्या हर्मनला त्या बाहुल्या वाटल्या, आणि हात वर करून त्या काढून दे असा हट्ट त्याने आईजवळ धरला. लांबची वस्तू लहान दिसते, तरी ती लहान नसते, हे त्याला अजून शिकायचे होते. आपण सगळेच हे केव्हातरी शिकलो आहोत. केव्हा शिकलो ते आठवत नाही, इतकेच.

लष्करातील डॉक्टर

हर्मनला पदार्थविज्ञान शिकायचे होते. घरात भावंडे होती, शिक्षकाचा पगार तुटपुंजा होता. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत शिक्षण मोफत मिळे, पण त्या बदल्यात आठ वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करण्याची अट असे. १८३८ साली त्यांनी ती अट मान्य केली. मनासारखे मिळाले नाही म्हणून ते रुसून बसले नाहीत. वैद्यकाच्या वाटेने जाता जाता त्यांनी पदार्थविज्ञान जवळ केले. १८४१ साली त्यांना विषमज्वर झाला. रुग्णालयात विद्यार्थ्यांवर फुकट उपचार होत, त्यामुळे आजारपणाच्या काळात थोडे पैसे शिल्लक पडले. बरे झाल्यावर त्यांतून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला, आणि त्याच्या मदतीने मज्जातंतूंवर प्रबंध लिहून ते १८४२ साली डॉक्टर झाले.

पॉट्सडॅमच्या छावणीत नोकरी करत असतानाच, १८४७ साली, पंचविशीच्या या तरुणाने ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडला. ऊर्जा रूप बदलते, पण नष्ट होत नाही, हे आज शाळकरी मुलेही शिकतात. तेव्हाच्या प्रमुख शास्त्रीय नियतकालिकाने मात्र तो निबंध छापायला नकार दिला आणि त्यांना तो वेगळी पुस्तिका म्हणून काढावा लागला. पुढे ज्येष्ठ शास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांच्या मदतीने त्यांची लष्करी सेवेतून मुदतीआधी सुटका झाली. काही काळ बर्लिनच्या कला अकादमीत त्यांनी चित्रकारांना शरीररचना शिकवली, आणि १८४९ साली ते क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ओल्गा फॉन फेल्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

मज्जातंतूचा वेग आणि डोळ्याचा पडदा

बोटाला टाचणी टोचली की वेदना त्याच क्षणी कळते असे आपल्याला वाटते. त्या काळचे मोठमोठे शास्त्रज्ञही हा संदेश इतका वेगवान असतो की तो मोजणे अशक्य आहे, असे मानत. खुद्द हेल्महोल्ट्झ यांचे गुरू योहानेस म्यूलर यांचे तेच मत होते. हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायातील मज्जातंतू घेतला. स्नायूपासून जवळ एकदा आणि दूर एकदा विजेचा झटका दिला, आणि स्नायू आकसायला लागणाऱ्या वेळेतला फरक मोजला. पत्नी ओल्गा शेजारी बसून आकडे टिपून घेत. १८५० साली उत्तर आले. दर सेकंदाला साधारण २७ मीटर. म्हणजे आगगाडीपेक्षा फारसा जास्त नाही!

घरी वडिलांना हे पचनी पडले नाही. विचार आणि त्याची शारीरिक कृती एकाच क्षणी घडतात, त्यांत अंतर असू शकत नाही, ही त्यांची तत्त्वज्ञानातली धारणा होती. मुलाने वाद वाढवला नाही, पण मोजमापही बदलले नाही. आपल्याला कळते ते घडून गेल्यानंतर कळते, मग ते अंतर कितीही थोडे असो, ही गोष्ट त्या दिवसापासून सिद्ध झाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस डोळ्याचे उपकरण तयार झाले. निमित्त होते वर्गातले व्याख्यान. बाहुली काळी का दिसते, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगायचे होते. डोळ्यात गेलेला प्रकाश आला त्याच वाटेने दिव्याकडे परत जातो. त्या वाटेवर पाहणाऱ्याने डोके घातले तर दिव्याचा प्रकाशच अडतो. म्हणून बाहुली काळी. हेल्महोल्ट्झ यांनी मध्ये काच तिरपी धरली. ती दिव्याचा प्रकाश डोळ्यात टाकी, आणि तिच्यातूनच आरपार पाहताही येई. चष्म्याची भिंगे, सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचा आणि पुठ्ठा यांतून त्यांनी पहिले उपकरण जोडले. १८५१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि थोड्याच वर्षांत नेत्रवैद्यकाचे रूप पालटले.

डोळा देतो ते आणि मन जोडते ते

क्योनिग्सबर्ग हे तत्त्वज्ञ कान्ट यांचे गाव. आपल्याला जग जसे कळते त्यात आपल्या मनाचाही वाटा असतो, हा कान्ट यांचा विचार तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा फार अवघड वाटतो. हेल्महोल्ट्झ यांनी तो प्रयोगशाळेत आणला. त्यांचे म्हणणे असे की डोळा आपल्याला वस्तू देत नाही, केवळ खुणा देतो. त्या खुणांवरून, आधीच्या अनुभवाच्या आधारे, मन झटकन अनुमान काढते. हे अनुमान इतके सवयीचे असते की आपण ते काढले हे आपल्यालाच कळत नाही.

आपण एक छोटासा प्रयोग करून पाहू या. दोन्ही हात समोर ताठ करा आणि दोन्ही अंगठे शेजारी शेजारी उभे धरा. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडे टक लावून पाहा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. साधारण वीतभर अंतरावर अंगठ्याचे टोक नाहीसे होईल. जिथून दृष्टीची नस डोळ्याबाहेर पडते, तिथे पडद्याला काहीच दिसत नाही. हा अंधबिंदू मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच शोधला होता. लक्षात घेण्याजोगे हे की आपल्याला तिथे काळे भोक दिसत नाही. मागची भिंत सलग दिसते. मन ती जागा भरून काढते आणि आपल्याला कळवतही नाही.

हेल्महोल्ट्झ यांनी लोलकाचा चष्मा लावून आणखी एक गोष्ट पाहिली. असा चष्मा सगळे दृश्य एका बाजूला सरकवतो. वस्तू घ्यायला हात नेला की तो चुकतो. पण थोडा वेळ प्रयत्न केला की हात बरोबर पडू लागतो. चष्मा काढला की मग उलट्या बाजूला चुकतो! अर्धांगवायूनंतर काही रुग्णांचे एका बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातील अर्धे जेवण ते तसेच ठेवतात. अशा रुग्णांसाठी १९९८ सालापासून संशोधकांनी हाच लोलकाचा प्रयोग उपचार म्हणून वापरून पाहिला आहे.

दुःखाचे वर्ष आणि मोठे ग्रंथ

क्योनिग्सबर्गची थंड हवा ओल्गा यांना सोसत नव्हती, म्हणून १८५५ साली कुटुंब बॉनला आले. तीन वर्षांनी हायडेलबर्गला. १८५९ साली आधी वडील गेले, आणि डिसेंबरमध्ये ओल्गाही गेल्या. मागे दोन लहान मुले राहिली. हे दुःख मोठे होते. १८६१ साली आना फॉन मोल यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. १८६३ साली ध्वनीवरचा त्यांचा ग्रंथ आला, आणि १८६७ साली दृष्टीवरचा तीन भागांचा ग्रंथ पूर्ण झाला.

पियानो उघडा ठेवून त्यात एखादा स्वर गायला की त्याच स्वराची तार आपोआप झंकारते. आपल्या कानातही असेच होते, असे हेल्महोल्ट्झ यांनी मांडले. गोगलगायीच्या शंखासारख्या आतल्या कानात वेगवेगळ्या जागा वेगवेगळ्या स्वरांना प्रतिसाद देतात. तपशिलात पुढे दुरुस्ती झाली. त्या संशोधनासाठी बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण जागेनुसार स्वर ही मूळ कल्पना टिकली. आज बहिऱ्या बालकाच्या कानात शस्त्रक्रियेने जे यंत्र बसवतात, त्याच्या विद्युत्-टोकांची मांडणी याच तत्त्वावर असते.

याच ग्रंथाशी एक गमतीदार घटना जोडलेली आहे. बहिऱ्या मुलांचे शिक्षक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना जर्मन नीट येत नव्हते. विजेवर चालणारे नादकाटे वापरून हेल्महोल्ट्झ यांनी स्वर निर्माण केले होते. चित्रे पाहून बेल यांचा समज झाला की त्यांनी स्वर तारेतून दूर पाठवले. तसे काही झालेले नव्हते. पण त्या गैरसमजातून बेल कामाला लागले आणि १८७६ साली टेलिफोन जन्माला आला.

रंगांच्या बाबतीत त्यांनी टॉमस यंग यांची जुनी कल्पना पुढे नेली. डोळ्यात तीन प्रकारच्या संवेदना असतात आणि बाकीचे रंग त्यांच्या मिश्रणातून दिसतात. टीव्ही आणि मोबाइलचा पडदा लाल, हिरवा आणि निळा या तीन ठिपक्यांतून सगळे रंग दाखवतो, तो याच आधारावर. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. रंगांधळेपणामुळे सिग्नल ओळखण्यात चूक झाली असावी, असे होल्मग्रेन या प्राध्यापकांना वाटले. त्यांनी या सिद्धांतावर आधारित रंगीत लोकरीची चाचणी तयार केली. आपल्याकडे रेल्वेत गाडी चालवण्याच्या नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणांची रंगदृष्टी तपासतात, त्या प्रथेमागे हा इतिहास आहे.

अखेरची वर्षे

१८७१ साली ते बर्लिनला पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. तरुणपणी जो विषय परवडला नव्हता, तो पन्नाशीत त्यांच्याकडे आला. पुढे मोजमापांच्या मोठ्या राष्ट्रीय संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले. ते काही फर्डे वक्ते नव्हते. मॅक्स प्लांक यांनी आठवण लिहून ठेवली आहे की त्यांची व्याख्याने कंटाळवाणी असत आणि वर्ग ओस पडत जाई. तरी त्यांच्या प्रयोगशाळेतून हर्ट्झ यांच्यासारखे शिष्य घडले. मानसशास्त्राची प्रयोगशाळा १८७९ साली लाइपझिग येथे सुरू करणारे वुंट हेही हायडेलबर्गला त्यांचे सहायक होते.

१८८९ साली मुलगा रोबर्ट वारला. १ जानेवारी १८९४ रोजी लाडका शिष्य हर्ट्झ ३६ व्या वर्षी गेला. त्याच्या अखेरच्या पुस्तकाला वृद्ध गुरूंनी प्रस्तावना लिहिली. १८९३ साली शिकागोहून परतताना जहाजाच्या जिन्यावरून ते पडले होते. त्यानंतर प्रकृती सावरली नाही. ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी काय?

सगळे अनुभवातून शिकावे लागते, हे त्यांचे मत हेरिंग या दुसऱ्या शास्त्रज्ञाला मान्य नव्हते. बरेच काही जन्मतःच मिळते, असे हेरिंग म्हणत. आज दोघांच्याही पदरात काही सत्य पडले आहे. पण शिकण्याचा भाग किती मोठा आहे हे आपल्याच देशात दिसून आले. प्रा. पवन सिन्हा यांच्या प्रकाश प्रकल्पात जन्मापासून अंध असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ ते १७ वर्षांची पाच मुले होती. दृष्टी आल्यावर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखणे त्यांना जमले नाही. काही दिवसांतच मात्र ते जमू लागले. डोळे उघडले तरी पाहणे शिकावेच लागले.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे. मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवते, हाक मारली तरी वळत नाही, अक्षरे लागत नाहीत, तर त्याला मठ्ठ किंवा हट्टी म्हणण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. तिरळा किंवा आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर उपचाराचा गुण जास्त येतो. उशीर झाला की मेंदू त्या डोळ्याकडे पाहणेच सोडून देतो. घरात मधुमेहाचे रुग्ण असतील तर दिसते आहे ना, म्हणून थांबू नका. वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या.

आणि दुसरी गोष्ट सगळ्यांसाठी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, असे आपण भांडणात छातीठोकपणे सांगतो. जे पाहिले त्यातले डोळ्याने किती दिले आणि मनाने किती जोडले, हे शेजाऱ्याबद्दल बोलण्याआधी एकदा स्वतःला विचारून पाहू या.