शिक्षणासाठी झोळी धरणारे संत

३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. येशूसंघाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण कॉलेजचा खर्च कुठून आणायचा, हा प्रश्न त्यांनाही अनेक वर्षे पडला होता. ॲडमिशनच्या या दिवसांत त्यांच्या जीवनाची हीच बाजू आम्ही आपल्यापुढे ठेवत आहोत.

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनमधील एका सरदार घराण्यात झाला. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणाला खिळले असता ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे वाचून त्यांचे मनपरिवर्तन झाले. मानमरातब सोडून ते गरीब यात्रेकरू बनले. यरुशलेमहून परतल्यावर, लोकांची आध्यात्मिक सेवा करायची तर शिक्षण हवे, हे त्यांना उमगले. तेव्हा त्यांचे वय होते तेहतीस. बार्सिलोनात लहान मुलांच्या शेजारी बसून ते लॅटिन शिकू लागले. शिक्षक आर्देवोल यांनी फी घेतली नाही आणि इझाबेल रोझेर या दानशूर बाईंनी त्यांना आधार दिला.

फेब्रुवारी १५२८ मध्ये ते पॅरिसला पोहोचले. बार्सिलोनाहून आणलेल्या हुंडीवर त्यांना २५ एस्कुदो मिळाले. ही रक्कम त्यांनी बिऱ्हाडातील एका स्पॅनिश सोबत्याकडे ठेवायला दिली. त्याने ती सगळी खर्च करून टाकली! ईस्टरपर्यंत हाती काही उरले नाही. बिऱ्हाड सोडून ते गरिबांच्या धर्मशाळेत राहू लागले. तिचे दार सकाळी उशिरा उघडे आणि सायंकाळी लवकर बंद होई. कॉलेज दूर असल्याने तास बुडत. उरलेला वेळ भीक मागण्यात जाई. एखाद्या प्राध्यापकाकडे नोकर म्हणून राहून शिकावे, यासाठीही त्यांनी खूप खटपट केली, पण जागा मिळाली नाही.

शेवटी एका संन्यस्त धर्मगुरूंनी सल्ला दिला: रोज दारोदार फिरण्यापेक्षा वर्षातून एकदा फ्लँडर्सला जा आणि तिथल्या स्पॅनिश व्यापाऱ्यांकडे मदत मागा. १५२९ पासून तीन वर्षे इग्नेशियस तिकडे गेले. १५३१ साली ते लंडनलाही गेले आणि तिथे सर्वांत जास्त मदत मिळाली. पुढे व्यापारी पॅरिसलाच पैसे पाठवू लागले. अभ्यासाला निवांतपणा मिळाला आणि १५३५ साली ते एम.ए. झाले.

पैसे बुडवणारा तो सोबती पुढे रूआँ शहरात आजारी पडला. हे कळताच इग्नेशियस अनवाणी, उपाशी चालत तीन दिवसांत तिथे पोहोचले. त्याला धीर दिला आणि स्पेनला जाणाऱ्या जहाजावर त्याची सोय करून दिली.

मिळालेली मदत त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. कॉलेजात त्यांच्या खोलीत पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर राहत. खोली एक, जेवण एक, पैशाची पिशवीही एक. झेवियर यांच्या अडचणीत त्यांनी पैसे दिले, शिकवण्यासाठी विद्यार्थी मिळवून दिले. हेच झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले. १५५१ साली इग्नेशियस यांनी रोममध्ये विद्यालय उघडले. तिथे शिक्षण मोफत होते. आजचे ग्रेगोरियन विद्यापीठ ते हेच. १५५६ साली इग्नेशियस देवाघरी गेले. १६२२ साली ते आणि झेवियर एकाच दिवशी संत म्हणून घोषित झाले.

बंधुभगिनींनो, लोक काय म्हणतील या भीतीने आपण घरची अडचण झाकून ठेवतो, आणि हुशार मुलाचे शिक्षण थांबते. सरदाराच्या मुलाला जिथे लाज वाटली नाही, तिथे आपण का लाजावे? अडचण फादरांच्या कानावर वेळेवर घाला. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा. एका दाराने नकार दिला तर दुसरे ठोठावा. आणि ज्यांचे शिक्षण कुणाच्या तरी मदतीने झाले, आज जे कमावते आहेत, त्यांनी एका तरी मुलाची फी भरावी, गाजावाजा न करता. झोळी भरली की ती दुसऱ्यासाठी उघडायची असते, हे संत इग्नेशियस यांनी आपल्याला दाखवून दिले आहे.

संत इग्नेशियस, आमच्या विद्यार्थ्यांसाठी विनंती करा.