डोळ्यावरचे आभाळ

वऱ्हाडात ‘आभाळ आलं’ म्हटले की ढग आले, असाच अर्थ घेतला जातो. खरे तर आभाळ जागच्या जागी असते. येतात ते ढग. पण ढगाला संस्कृतात ‘अभ्र’ म्हणतात आणि आपला ‘आभाळ’ शब्द त्यातूनच आला. त्यामुळे झाकणारा आणि झाकला जाणारा, दोघांचे नाव एकच झाले. मोठे संकट आले तर आभाळ कोसळते, सगळीकडूनच घात झाला तर आभाळ फाटते. मळभ आकाशात दाटते, तसे मनावरही दाटते. आणि एक ढग डोळ्यावरही येतो. चांदूर बाजार तालुक्यातील माधानचे संत गुलाबराव महाराज यांच्या आयुष्याची सुरुवातच या तिसऱ्या ढगाने झाली.

महाराजांचा जन्म 6 जुलै 1881 रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे झाला. वडील गोंदुजी मोहोड, आई अलोकाबाई. शेतकरी कुटुंब. बाळ जेमतेम नऊ महिन्यांचे असताना त्याच्या डोळ्यांत चुकीचे औषध घातले गेले आणि दृष्टी कायमची गेली, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. चार वर्षांचे असताना आईही गेली. पुढची काही वर्षे आजी सावित्रीबाईंनी त्यांना सांभाळले.

अपायकारक औषधाने डोळ्याला इजा होते तेव्हा पहिला मार बसतो तो पारपटलाला, म्हणजे कॉर्नियाला. बुबुळाच्या समोरचा हा पारदर्शक पडदा मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि त्यातले कोलॅजनचे अतिसूक्ष्म तंतू समान अंतरावर, शिस्तीत रचलेले असतात. म्हणून प्रकाश त्यातून सरळ आत जातो. जखम झाली की व्रण भरतो खरा, पण तंतूंची शिस्त मोडते. प्रकाश आत जाण्याऐवजी चहूकडे विखुरतो आणि तिथे पांढरा डाग दिसतो. त्यालाच बोलीत ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात.

आकाशातला ढग पांढरा दिसतो, त्याचे कारणही जवळजवळ हेच. पाणी पारदर्शक असते. पण ढगातले असंख्य सूक्ष्म थेंब सूर्यप्रकाशाचे सगळे रंग सारखेच विखुरतात आणि सगळे रंग मिळून पांढरा होतो. सुश्रुतसंहितेत डोळ्याच्या काळ्या भागावर येणाऱ्या अशाच एका पांढऱ्या डागाला आकाशातल्या विरळ ढगाची उपमा दिली आहे, आणि असा डाग बरा होण्यासारखा मानला आहे. उपमा म्हणून सुचलेली गोष्ट प्रकाशाच्या शास्त्रातही बरोबर ठरली.

महाराजांचा जीवनकाळ नेत्रवैद्यकाला वळण देणारा होता. त्यांच्या जन्माच्या वर्षीच, 1881 मध्ये, जर्मनीतील डॉक्टर कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांचे डोळे जंतुसंसर्गापासून वाचवणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबांची पद्धत प्रसिद्ध केली. डिसेंबर 1905 मध्ये एडुआर्ड झिर्म यांनी माणसावरील पहिले यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण केले. महाराज तेव्हा 24 वर्षांचे होते. पुढे 1913 मध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाचा शोध लागला. वऱ्हाडातल्या खेड्यापर्यंत यातले काहीच त्या काळी पोहोचणे शक्य नव्हते.

पोहोचला तो शब्द. महाराजांचे शिक्षण कानांनी झाले. इतरांनी ग्रंथ मोठ्याने वाचायचे, त्यांनी ऐकायचे आणि लक्षात ठेवायचे. वेदान्त, न्याय, योग, आयुर्वेद, संगीत असे विषय त्यांनी असेच आत्मसात केले. डार्विन आणि स्पेन्सर यांचे विचारही त्यांनी समजून घेतले आणि त्यांवर टीकात्मक लेखन केले. ते सांगत आणि दुसरे लिहून घेत. मराठी, संस्कृत आणि हिंदीत मिळून त्यांची शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके झाली. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत, श्रीकृष्णाला पती मानीत आणि सौभाग्यलेणी धारण करीत. भक्ती आणि अद्वैत यांची सांगड घालणारा त्यांचा विचार मधुराद्वैत या नावाने ओळखला जातो.

त्यांच्या स्मरणशक्तीकडे चमत्कार म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. मेंदूविज्ञान तिच्याकडे वेगळ्या अंगाने पाहते. अगदी लहानपणी दृष्टी गेली तर मेंदूच्या मागच्या बाजूचा, पाहण्यासाठी असलेला भाग रिकामा बसत नाही. तो ऐकणे, स्पर्श, भाषा आणि शब्दांची स्मृती या कामांत वाटा उचलतो, हे आधुनिक मेंदूचित्रणातून दिसले आहे. त्यामुळे महाराजांचे श्रम कमी ठरत नाहीत. मेंदूला ही नवी कामे रोजच्या सरावानेच साधतात. वाचून दाखवणारा माणूस आणि ऐकण्याची चिकाटी, दोन्ही लागतात. अंध मुलाला शिकवून काय उपयोग, असे म्हणणाऱ्याला हे उदाहरण पुरेसे आहे.

आरोग्याच्या दृष्टीने त्यांचा ‘मानसायुर्वेद’ हा ग्रंथ विशेष लक्षात घ्यावा असा. शरीराच्या रोगांप्रमाणे मनाच्या रोगांचाही विचार शास्त्र म्हणून व्हावा, ही त्यामागची दृष्टी. आजचे मानसोपचारशास्त्र वेगळ्या पायावर उभे आहे. तरीही मन आजारी पडते आणि त्यालाही उपचार लागतात, हे मानणे त्या काळी सोपे नव्हते. अजूनही अनेक घरांत ते सोपे नाही.

अद्वैत वेदान्तात ढगाचा एक जुना दृष्टान्त आहे. ढग आला की सूर्य झाकला गेला, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात लहानसा ढग एवढ्या मोठ्या सूर्याला झाकू शकत नाही. झाकली जाते ती पाहणाऱ्याची नजर. या परंपरेत वाढलेल्या महाराजांच्या बाबतीत त्याचा अर्थ अगदी शब्दशः उतरला. डोळ्यावरचा ढग कधी हटला नाही, पण बुद्धीवर त्याची सावली पडली नाही. 20 सप्टेंबर 1915 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे 34 वर्षांचे होते. चांदूर बाजारच्या भक्तिधामात आणि माधानात त्यांची स्मृती जपली जाते.

मात्र त्यांचे मोठेपण सांगताना अंधत्वाचे कौतुक होऊ नये. ज्या वयात महाराजांची दृष्टी गेली, त्याच नवव्या महिन्यात आज सरकारी लसीकरणात बाळाला गोवर-रुबेलाची लस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस मिळतो. पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी हा डोस द्यायचा असतो. गोवर आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता ही बालपणी पारपटलावर ढग येण्याची मोठी कारणे. दोन्ही टाळता येतात.

टाळण्यासारखे तिसरे कारण घरातच असते. बाळाचे डोळे लाल झाले, चिकटले, उजेड सहन होईना किंवा पांढरा ठिपका दिसला, तर मध, दूध, पाल्याचा रस, काजळ यांतले काहीही डोळ्यात घालू नये. दुकानातून विचारून आणलेले थेंबही नकोत. चुकीच्या वेळी घातलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी जखम चिघळू शकते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. आणि ज्यांच्या पारपटलावर ढग आधीच आला आहे, त्यांच्यातील अनेकांना प्रत्यारोपणाने पुन्हा दिसू शकते. त्यासाठी मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते.

गुलाबराव महाराजांनी अंधारातूनही वाट काढली. त्यांच्याच तालुक्यातल्या आजच्या बाळावर मात्र तशी वेळ येऊ नये, आणि ते आता आपल्या हातात आहे.