बाटल्या धुणारा पोरगा आणि न गंजणारे पोलाद

उन्हाळा लागला की लातूर-नांदेडच्या शाळा-शिकवण्यांच्या दारात मुलांच्या हातात पाण्याच्या बाटल्या दिसतात. त्यात आता स्टीलच्या बऱ्याच. हे स्टील ज्याच्या हातून जन्मले त्याची नोकरीच मुळी बाटल्या धुण्यापासून सुरू झाली होती.

हॅरी ब्रिअर्ली १८ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डला जन्मला. वडील पोलादाच्या भट्टीवर कामगार, घरात गरिबी. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा वडिलांच्याच कारखान्यात लागला. पुढे तिथल्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्या धुण्याचे काम मिळाले. तिथल्या रसायनतज्ज्ञाने त्याला अभ्यासाला लावले; बाकीचे तो रात्री जागून शिकला. पदवी नव्हतीच. तरी १९०८ मध्ये दोन पोलाद कंपन्यांनी मिळून काढलेल्या संशोधनशाळेचा तो प्रमुख झाला.

१९१२ मध्ये त्याच्याकडे बंदुकीच्या नळ्यांचा प्रश्न आला. गोळीच्या उष्णतेने त्या आतून झिजत. त्याने पोलादात क्रोमियम वाढवत नेले. १३ ऑगस्ट १९१३ च्या ओतकामात ते १२.८ टक्के होते. पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याआधी आम्लाने खरवडावे लागते. हा तुकडा आम्लाला दादच देईना. व्हिनेगर, लिंबाचा रस, काहीही लावा. शेफील्ड हे सुऱ्या-चाकूंचे गाव. बंदूक बाजूला राहिली आणि त्याला जेवणाच्या टेबलावरची सुरी दिसू लागली. आपल्याकडे कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकायचे. तिकडे सुऱ्या रोज घासून पुसाव्या लागत.

मालकांना त्यात राम वाटला नाही. पहिल्या सुऱ्यांना नीट पाणी चढले नाही, तेव्हा कारागिरांनी त्याची टिंगल केली. अर्नेस्ट स्टुअर्ट या सुऱ्यांच्या कारखानदाराने व्हिनेगरमध्ये परीक्षा घेतली आणि स्टेनलेस हे नाव दिले. हक्कांवरून कंपनीशी बिनसले आणि १९१५ मध्ये ब्रिअर्ली बाहेर पडला. जर्मनी आणि अमेरिकेतही त्याच सुमारास असे पोलाद तयार होत होते, हेही सांगायला हवे.

खुबी क्रोमियमची. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा थर बसतो; ओरखडा गेला तरी तो पुन्हा धरतो. बाटलीचे पोलाद मात्र ब्रिअर्लीचे नव्हे. त्याच्या जागी प्रयोगशाळेत आलेल्या हॅटफील्डने १९२४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे मिश्रण आणले. बाटलीवर ३०४ किंवा १८/८ लिहिलेले असते ते हेच. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, त्यावर विसंबू नका. कमी निकेलच्या स्वस्त २०२ लाही चुंबक चिकटत नाही, आणि ब्रिअर्लीच्या अस्सल पोलादाला चिकटते! त्यापेक्षा ३०४ चा शिक्का आणि आयएसआय चिन्ह पाहा, आणि झाकणाची रबरी रिंग काढून धुता येते का तेही. वास आणि बुळबुळीतपणा तिथेच साठतो.

या थराचा वैरी क्लोराइड. मिठाचे पाणी किंवा ब्लीचिंगचे द्रावण रात्रभर बाटलीत राहिले तर बारीक खड्डे पडतात. साबण, ब्रश आणि झाकण उघडे ठेवून वाळवणे पुरते. तांब्याच्या बाटलीत लिंबूसरबत किंवा ताक भरू नये. तांबे त्यात उतरते, मळमळ-उलट्या होतात. आणि बाटली कितीही चांगली असो, ती पाणी शुद्ध करत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. नळाला पाणी दिवसाआड आले की घरात साठा होतो, आणि जुलाबाचे मूळ बाटलीपेक्षा त्या उघड्या साठ्यात सापडते.

ब्रिअर्लीला १९२० मध्ये पोलाद क्षेत्रातले मानाचे बेसेमर सुवर्णपदक मिळाले. १९४१ मध्ये, सत्तरीत, त्याने स्वतःच्या पैशातून एक विश्वस्त निधी उभा केला, आपल्यासारख्याच साध्या घरातल्या माणसांना संधी मिळावी म्हणून. १४ जुलै १९४८ रोजी टॉर्की या समुद्रकाठच्या गावी तो वारला.