ज्या मास्कवरून कोचशी वाद झाला, त्याच मास्कचा धंदा या गोलकीपरने उभा केला

तारीख १ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्स आणि न्यूयॉर्क रेंजर्स यांची आईस हॉकीची मॅच सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटं झाली होती. रेंजर्सच्या अँडी बाथगेटने मारलेली पक, म्हणजे टणक रबराची चकती, थेट मॉन्ट्रियलच्या गोलकीपरच्या तोंडावर बसली. त्या काळी गोलकीपर उघड्या तोंडानेच खेळायचे.

या गोलकीपरचं नाव जॅक प्लांट.

टाके घातल्यावर त्याने कोच टो ब्लेकला स्पष्ट सांगितलं, मास्क घालू दिला तरच पुन्हा उतरणार. ब्लेकला मास्क अजिबात पसंत नव्हता. पण संघासोबत दुसरा गोलकीपरच नव्हता. शेवटी प्लांट फायबरग्लासचा मास्क घालून उतरला आणि मॉन्ट्रियलने मॅच ३-१ ने जिंकली.

आता प्रश्न पडतो, इतकी साधी गोष्ट आधी कुणी का केली नाही?

१९३० मध्ये क्लिंट बेनेडिक्टने चामड्याचा मास्क काही मॅचपुरता वापरला होता, पण ती पद्धत रुळली नाही. कारण नोकरीचं होतं. नॅशनल हॉकी लीगमध्ये तेव्हा संघ ६ आणि प्रत्येकाचा मुख्य गोलकीपर एकच. म्हणजे जागाही ६. मास्क मागणारा भित्रा ठरायचा आणि त्याची जागा घ्यायला बाहेर रांग लागलेली असायची.

प्लांट मात्र अडून बसू शकला, कारण तोवर मॉन्ट्रियलने सलग ४ वेळा स्टॅनली कप जिंकला होता आणि चारही वेळा गोलमध्ये तोच होता.

आपली किंमत ओळखायला तो लहानपणीच शिकला होता. १९२९ साली क्यूबेक प्रांतात जन्मलेला प्लांट ११ भावंडांत थोरला. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे लोकरीच्या टोप्या तो स्वतःच विणायचा. कारखान्याच्या संघाकडून खेळताना वडिलांच्या सांगण्यावरून त्याने पैसे मागितले. मॅचला ५० सेंट ठरले, पण इतर खेळाडूंना सांगायचं नाही या अटीवर.

जखम भरली की मास्क निघेल, अशी ब्लेकची अपेक्षा होती. मार्च १९६० मध्ये प्लांट एक मॅच मास्कशिवाय खेळलाही. मॉन्ट्रियल ती मॅच ३-० ने हरलं आणि मास्क परत आला. त्याच हंगामात सलग पाचवा कप आला.

१९६५ मध्ये तो निवृत्त झाला. पण १९६७ मध्ये लीगचे संघ ६ वरून १२ झाले आणि अनुभवी गोलकीपरचा भाव वाढला. १९६८ मध्ये सेंट लुईस ब्लूजने त्याला ३५ हजार डॉलरवर परत आणलं. चाळिशीत त्याने ग्लेन हॉलसोबत कारकिर्दीतली सातवी वेझिना ट्रॉफी मिळवली.

१९७० च्या फायनलमध्ये एक पक मास्कवर इतक्या जोरात आदळली की मास्क फुटला आणि प्लांट बेशुद्ध पडला. मास्क नसता तर जिवावर बेतलं असतं. त्याच वर्षी त्याने फायब्रोस्पोर्ट ही मास्क बनवणारी कंपनी सुरू केली.

१९८६ मध्ये जिनिव्हात कर्करोगाने प्लांटचं निधन झालं. तोवर लीगमध्ये उघड्या तोंडाने खेळणारा एकही गोलकीपर उरला नव्हता.