हलके सामान : रेव्हरंड ना. वा. टिळक



मौद्याहून उत्तरेला तारशाकडे मोटारसायकल काढली, की पुढे हावड्याकडे जाणारा रेल्वेमार्ग लागतो. चाचेर, तारसा, रेवराल, खात ही आपल्या ओळखीची स्टेशने. १८९३ च्या सुमारास याच मार्गाने एक तिशीतले ब्राह्मण गृहस्थ नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. कन्हान नदीचा पूल ओलांडून त्यांची गाडी आपल्या या शेतांमधून गेली असणार. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. पुढे महाराष्ट्राने त्यांना फुलामुलांचे कवी म्हटले, आणि मराठी ख्रिस्ती माणसाने त्यांची भजने तोंडपाठ केली.

टिळक आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनचे. पण इतर मंडळींतील बंधूंमध्ये जे ख्रिस्ताचे आहे ते आनंदाने मान्य करावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच सांगितले आहे. शिवाय टाळ हाती घेऊन त्यांची भजने आपण गातोच. मग त्यांच्या जीवनाकडेही पाहायला हवे.

आधी थोडे मोटारसायकलविषयी. आपल्या भागात तिच्यावर युरियाचे पोते जाते, दुधाचे कॅन जातात आणि रविवारी चौघांचे कुटुंब मिस्सेला येते. आपले तरुण तिला जादा दिवे, जादा हॉर्न, रंगीत पट्टे लावतात. लावू द्यावेत, वय आहे. पण गाडी रस्त्यात बंद पडली की मिस्त्री त्या दिव्यांकडे पाहतही नाही. पेट्रोल येते का, ठिणगी पडते का, हवा मिळते का, एवढेच तो तपासतो. बाकी सारे नंतर. देवाला भाग नाहीत, तो पूर्ण साधा आहे, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. सेमिनरीत आम्ही ते घोकून पाठ केले. गाडीला मात्र भाग असतात आणि माणसालाही. म्हणून त्यांतला कोणता भाग चाक फिरवतो, हे शोधावे लागते. टिळकांचे अर्धे आयुष्य या शोधात गेले.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई लवकर गेली. शिक्षण अर्धवट राहिले, पण संस्कृत पक्के झाले. स्वभाव कमालीचा अस्थिर. नोकरी धरायची, सोडायची, कुणाला न सांगता घरातून निघून जायचे. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्याकडे त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. देशाची दुर्दशा आणि जातिभेद त्यांना छळत होते. एखादा नवाच धर्म उभारावा, असा विचार मनात घोळत होता. डोक्यात ग्रंथ पुष्कळ आणि प्रश्न त्याहून पुष्कळ, अशी अवस्था.

त्या आगगाडीत समोर एक युरोपियन प्रवासी होता. बोलणे निघाले ते काव्यावरून. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. तो प्रवासी कोण होता, हे टिळकांना पुढेही कळले नाही. त्यांनी पुस्तक चाळायला घेतले ते टीकाकाराच्या नजरेने. डोंगरावरील प्रवचनापाशी मात्र ते थांबले. ज्या प्रश्नांसाठी त्यांनी पोथ्या पालथ्या घातल्या होत्या, त्यांची उत्तरे तेथे थोड्या ओळींत होती : देव पिता आहे, शत्रूवरही प्रेम करावे, उद्याची चिंता करू नये. एवढे साधे असूनही तेच त्यांना जड गेले. कारण ते पटले तर जगावे लागणार होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथवर गोष्ट सरळ आहे आणि आम्ही धर्मगुरू प्रवचनात ती बहुधा येथेच थांबवतो. पण मोटारसायकलला मागची सीट असते. टिळकांच्या मागच्या सीटवर लक्ष्मीबाई होत्या.

लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊनच घरात घ्यायची. अशा घरातली ही मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना टिळकांना दिली. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली, तेव्हा पदरात लहानगा दत्तू होता. नवरा जिवंत असून संसार मोडला. पुढची सुमारे पाच वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली. टिळकांनी आपल्या अंतःकरणावरचे ओझे उतरवले, आणि ते पत्नीच्या डोक्यावर जाऊन बसले. हे लिहिताना आम्हांला बरे वाटत नाही, पण खरे आहे. टिळकांना ते कळत होते. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले.

लक्ष्मीबाई अखेर अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) त्यांच्याकडे आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. आधी चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. आम्हांला त्यांच्या साऱ्या चरित्रात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याला आपली वाट सापडली आहे, त्याला दुसऱ्याच्या संथ पावलांचा राग येतो. टिळक तर तापट होते. तरीही त्यांनी येथे वेग कमी केला. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून, देवाने माणसांत जात केली नसावी असे मनाशी ठरवून, जातीचे बंधन सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

टिळक १९०४ मध्ये रेव्हरंड झाले. भजने लिहिली, कीर्तने केली, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. ख्रिस्त मराठी माणसाला मराठीत, टाळ-मृदंगासह भेटावा, परदेशी कोट-पाटलोणीत नव्हे, हा त्यांचा आग्रह. पैसा हाती टिकत नसे. दिसेल त्या गरजूला घरी आणायचे. बालकवी ठोंबरे या घरात मुलासारखे राहिले. आलेल्यांच्या ताटात काय वाढायचे, याची चिंता अर्थातच लक्ष्मीबाईंची.

मग १९१७ साल आले. वय पंचावन्न. त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले, भगवी वस्त्रे घेतली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले असोत वा नसोत, ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जगू इच्छिणाऱ्या साऱ्यांना तेथे जागा होती. मुक्काम साताऱ्याला. निघताना सामान फारच थोडे.

मार्कच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात प्रभू येशू बारा शिष्यांना असेच धाडतो. भाकर नको, झोळी नको, कमरेला पैसे नकोत, फक्त काठी आणि पायांत वहाणा. या उताऱ्यावर आम्ही अनेकदा बोललो. परंतु प्रभूने त्यांना दोघादोघांनी पाठवले, या शब्दापाशी आम्ही थांबलो नव्हतो. एकट्याला सामान टाकून देणे सोपे असते. दोघे असले, की काय टाकायचे हे दोघांनी मिळून ठरवावे लागते. आमच्यासारख्या अविवाहित माणसालाही यातून सुटका नाही. धर्मगुरू साधा राहतो म्हणून लोक कौतुक करतात, आणि त्याची वेळीअवेळी भाकरी भाजणारी बाई मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

या वेळी लक्ष्मीबाई नवऱ्याच्या निर्णयाने हादरल्या, रागावल्याही. पण १८९५ सारखी ताटातूट झाली नाही. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. टिळकांची प्रकृती ढासळली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मागे एक अपुरे काम राहिले होते. प्रभूचे जीवन ओवीबद्ध सांगणारे ‘ख्रिस्तायन’. टिळकांच्या हातून त्याचे सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. लिहा-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. त्यांनी लेखणी घेतली आणि उरलेले साठांहून अधिक अध्याय लिहिले. नवऱ्यासोबतच्या दिवसांची हकीकत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितली, ती इतक्या सरळ मराठीत, की पुष्कळांना ते पुस्तक टिळकांच्या कवितेहूनही प्रिय आहे. त्यांतला पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्यानंतर, १९३८ मध्ये छापले गेले.