लिओनार्दोचा अर्ज

लिओनार्दो दा विंची म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ‘मोनालिसा’ उभी राहते. परंतु या थोर चित्रकाराला तिसाव्या वर्षी नोकरीसाठी अर्ज करण्याची वेळ आली होती आणि त्या अर्जात चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी, जाता जाता केलेला आहे, हे मला यंदा ग्रंथालयातील एका पुस्तकात वाचावयास मिळाले. त्याची चित्रे सर्वांना ठाऊकच आहेत. म्हणून मी त्याचे चरित्र या अर्जाच्या अंगाने सांगणार आहे.

लिओनार्दोचा जन्म १५ एप्रिल १४५२ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगराजवळ, विंची गावच्या परिसरात झाला. वडील सेर पिएरो हे दस्तऐवज लिहिणारे नोटरी, तर आई कातेरिना ही गरीब घरची. दोघांचा विवाह झालेला नव्हता. अशा मुलाला नोटरींच्या संघाचे दार बंद असे. म्हणजे वडिलांचा व्यवसाय हातचा गेला. लॅटिनचे रीतसर शिक्षणही मिळाले नाही. आपण विद्वानांच्या पंगतीतले नव्हे, ही बोच त्याच्या टिपणांत पुढेही दिसते. वडिलांनी त्याला फ्लॉरेन्समध्ये वेरोक्क्यो या कलावंताच्या हाताखाली ठेवले. तिथे चित्रे होत, मूर्ती घडत, ओतकामही चाले. १४७१ मध्ये तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटावर तांब्याचा प्रचंड गोळा चढविला गेला, तो याच कारखान्यातला. एवढे वजन वर नेणाऱ्या यंत्रांची चित्रे लिओनार्दोने काढून ठेवली आहेत. १४७२ मध्ये चित्रकारांच्या संघात त्याचे नाव लागले.

पण पुढची दहा वर्षे मनासारखी गेली नाहीत. १४८१ मध्ये एका मठाने मोठे चित्र सांगितले, ते अपुरे राहिले. त्याच वर्षी पोपच्या सिस्टाइन चॅपेलसाठी फ्लॉरेन्सहून बोत्तिचेल्ली, गिर्लांदायो असे चित्रकार रोमला गेले. त्यांत लिओनार्दो नव्हता.

१४८२ च्या सुमारास तो मिलानला निघाला. तिथे लुदोविको स्फोर्झा हा अल्पवयीन पुतण्याच्या नावाने राज्य करीत होता. त्याचा बाप फ्रांचेस्को हा भाडोत्री फौजेचा सेनापती. त्याने १४५० मध्ये तलवारीच्या जोरावर मिलान मिळविले होते. १४८२ मध्येच व्हेनिसशी युद्ध जुंपले. अशा माणसाला चित्रकारापेक्षा तोफा ओतणारा, पूल बांधणारा माणूस अधिक हवा, हे लिओनार्दोने ओळखले.

अर्जात त्याने मुद्द्यांना अनुक्रम घातला आहे. उचलून नेता येतील असे हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढण्याची युक्ती, गारांसारखा दगडांचा मारा करणारी तोफ, आवाज न करता जमिनीखालून खणायचे भुयार, छत असलेले युद्धरथ, समुद्रावरील लढाईची साधने, असे एकामागून एक येते. हे सर्व संपल्यावर शांततेच्या काळात आपण काय करू शकू ते येते: इमारती बांधणे, पाणी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे, मूर्तिकाम आणि शेवटी चित्रकला. त्यातही लुदोविकोच्या वडिलांच्या स्मरणार्थ ब्राँझचा घोडा घडविता येईल, हे तो विसरत नाही. बाप म्हणजे लुदोविकोचा हळवा कोपरा! अर्जात स्वतःच्या बापाचे नाव नाही, गुरूचे नाही, आणि तोवर केलेल्या एकाही चित्राचे नाही.

या अर्जाचा मसुदा उपलब्ध आहे. तो मूळ पत्र नव्हे. अक्षरही लिओनार्दोचे नाही. तो डावखुरा, उजवीकडून डावीकडे उलटे लिही. तेव्हा कुणा सुवाच्य अक्षराच्या माणसाकडून लिहवून घेतले असावे. तहसील कचेरीबाहेर झाडाखाली बसणारे अर्जनवीस मला इथे आठवले. माझ्या वडिलांचे सारे अर्ज त्यांनीच लिहिले. घरात स्वतःच्या हाताने अर्ज लिहिणारी मीच पहिली, म्हणून हा मसुदा मला जवळचा वाटतो.

माझी एक वर्गमैत्रीण म्हणते की ही शुद्ध थाप आहे. ज्याने एकही लढाई पाहिली नाही त्याने भुयारांच्या गोष्टी कशाला कराव्यात? तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. भुयाराचा दावा मलाही जड जातो. परंतु आपण हे केले आहे असे लिओनार्दो म्हणत नाही, हे मी करू शकतो असे म्हणतो. आणि कुणाला अशक्य वाटल्यास बागेत किंवा सांगाल तिथे करून दाखवितो, अशी तयारीही दर्शवितो. यंत्रांचा अभ्यास तर त्याने खरोखरच केला होता. ज्याच्या मागे ना घराणे ना पदवी, त्याने अनुभवाच्या रकान्यात दुसरे काय लिहावे?

अर्ज पोचला की नाही याचा पुरावा नाही. मिलानमध्ये २५ एप्रिल १४८३ रोजी त्याच्याशी करार झाला तो मात्र एका धार्मिक मंडळासाठी चित्र काढण्याचा! पुढे तो लुदोविकोच्या दरबारी रुजू झाला, तेव्हा समारंभांची यंत्रे आणि देखावे करणेही त्याच्याकडे आले. ‘द लास्ट सपर’ हे भित्तिचित्र याच काळातले. घोड्याचे कामही मिळाले. त्याची मातीची भव्य प्रतिकृती १४९३ मध्ये लोकांनी पाहिली. परंतु १४९४ मध्ये त्यासाठी साठविलेले ब्राँझ तोफांसाठी गेले. १४९९ मध्ये फ्रेंचांनी मिलान घेतले आणि त्यांच्या तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेम धरून सराव केला.

अर्जातली नोकरी त्याला अखेर १५०२ मध्ये मिळाली, तीही दुसऱ्याकडे. चेझारे बोर्जा या सरदाराने त्याला आपला लष्करी अभियंता नेमले. तेव्हा लिओनार्दो पन्नाशीला आला होता. ती नोकरी वर्षभरही टिकली नाही. त्या काळात त्याने काढलेला इमोला शहराचा नकाशा आजही अभ्यासक वाखाणतात. २ मे १५१९ रोजी फ्रान्समधील आंब्वाज येथे तो वारला. अर्जाचा मसुदा मिलानच्या आंब्रोझियाना ग्रंथालयात आहे.