मेरी लॅम्ब : पुन्हा पुन्हा परतलेली

इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला चार्ल्स लॅम्ब परका नाही. शेक्सपिअरच्या नाटकांवरून लिहिलेल्या त्याच्या कथा आपण आवडीने वाचतो. परंतु त्या वीस कथांपैकी चौदा त्याची थोरली बहीण मेरी हिने लिहिल्या, आणि १८०७ साली पुस्तक निघाले तेव्हा त्यावर तिचे नाव नव्हते, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

मेरीचा जन्म १७६४ साली लंडनमध्ये झाला. घरची गरिबी, आई अपंग, वडिलांची बुद्धी वार्धक्याने मंदावलेली. दिवसा शिवणकाम करून संसाराला हातभार लावायचा आणि रात्री आईची शुश्रूषा करायची, असा तिचा क्रम होता. २२ सप्टेंबर १७९६ रोजी तिचे भान सुटले आणि टेबलावरील सुरीने तिच्या हातून आईची हत्या झाली. हे कृत्य वेडाच्या भरात घडले, असा निर्णय पंचांनी दिला.

चार्ल्स तेव्हा अवघा २१ वर्षांचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीतील कारकून. आदल्या हिवाळ्यात सहा आठवडे त्यानेही वेड्यांच्या इस्पितळात काढले होते. त्याने बहिणीची आजन्म जबाबदारी पत्करली व १७९९ साली वडील वारल्यावर तिला आपल्या घरी आणले.

दुखणे मात्र गेले नाही. ते अखेरपर्यंत उलटत राहिले. पूर्वचिन्हे दोघांनाही ओळखू येऊ लागली. ती दिसली की भाऊबहीण रडत रडत शेतांतील पायवाटेने हॉक्स्टनच्या इस्पितळाकडे निघत. रुग्णाचे हात जखडणारा अंगरखाही बरोबर असे. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ती बरी होऊन परते. लोक कुजबुजत आणि बिऱ्हाड हलवावे लागे.

याच मधल्या, शुद्धीच्या काळात मेरीने लेखन केले. १८०९ सालच्या 'मिसेस लेस्टर्स स्कूल' या पुस्तकातील दहापैकी सात कथा तिच्या आहेत. १८१५ साली तिने शिवणकामावर निबंध लिहून स्त्रियांच्या श्रमाला मोल मिळावे, असा विचार मांडला.

या सोबतीची किंमत चार्ल्सनेही मोजली. तो अविवाहित राहिला. १८३३ साली, मेरीपासून दूर राहावे लागू नये म्हणून, तो एडमंटन येथे रुग्णांना सांभाळणाऱ्या घरीच राहावयास गेला. १८३४ साली तो वारला. मेरी १८४७ पर्यंत जगली. दोघेही एडमंटनच्याच दफनभूमीत एका थडग्यात विसावले आहेत.

त्या काळी या रोगावर गुणकारी औषध नव्हते. आज औषधे आहेत, तरी रुग्ण पुन्हा दाखल झाला की घरचे हात टेकतात आणि सारे व्यर्थ गेले असे मानतात. मेरीच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे तसे वाटत नाही. ती जितक्या वेळा गेली, तितक्या वेळा परतली, कारण घराचे दार तिच्यासाठी कधी बंद झाले नाही.